आणि नसलं तर?

आमचे चौगुले आण्णा स्वतःच्या घराची बेल वाजवून आत जातात. घराची चावी त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला लटकत असते, चालताना ती खुळखुळते, आणि तरीही हा माणूस दारात उभा राहून बेल दाबतो आणि आतून कोणी येईपर्यंत चपला न काढता थांबतो. आमच्या पॅकिंगमधला एकजण त्यांच्या गल्लीत राहतो. त्याने ही बातमी आणली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो, पण आश्चर्य कोणालाच वाटलं नाही. आण्णा आहेतच तसे. खुर्चीवर बसण्याआधी ते तिला हाताने दाबून बघतात. चहाचा कप तोंडाला लावण्याआधी आत डोकावतात. माझ्या टेबलासमोर उभे राहून, माझ्या डोळ्यांत बघून विचारतात, "सुहास, हाईस न्हवं?"

मी असतोच. गेली नऊ वर्षं त्याच खुर्चीत आहे. जाणार कुठं?

आमची कंपनी म्हणजे शिरोली एमआयडीसीत दोन फाउंड्र्यांच्या मध्ये चेपून बसलेली एक लहानशी जागा. खाली बोर्ड जुळवतात आणि वर आम्ही सातजण त्यांत घालायचं सॉफ्टवेअर लिहितो. गावोगावच्या दूध संस्थांत दूध गार ठेवायच्या मोठ्या टाक्या असतात, त्यांवर आमचा डबा बसतो. दूध किती गार झालंय ते सेन्सरकडून विचारून घ्यायचं आणि त्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, एवढंच त्या डब्याचं काम. पुण्यातली नोकरी सोडून मी इथं आलो तो निवांत राहायला. ती कल्पना आण्णांना भेटण्याआधीची होती.

आण्णा सत्तावन्न वर्षांचे. मूळचे फाउंड्रीतले इलेक्ट्रिशियन. पुस्तकं आणून, रात्रपाळ्यांत वाचून कोड शिकले आणि असे शिकले, की आता आमच्याकडे एक नियमच झालाय. कर्नलमध्ये जाणारी एकही ओळ आण्णांनी 'बरं हाय' म्हटल्याशिवाय बाहेर पडत नाही. कर्नल म्हणजे सॉफ्टवेअरचा सगळ्यात आतला भाग. इतर कुठला प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा मरतो, कर्नल चुकला तर सगळा डबाच जागच्या जागी थिजतो. आण्णा स्क्रीनवर वाचत नाहीत. कोडची छापील पानं काढून घेतात, ओळीखाली लोखंडी पट्टी धरतात आणि लाल पेनने लिहितात. नऊ वर्षांत त्यांनी माझं काहीही पहिल्या फेरीत पास केलेलं नाही.

त्यांचा सगळा राग एकाच प्रश्नात मावतो. "आणि नसलं तर?"

हा प्रश्न ते कोडलाच विचारतात असं नाही. एकदा आम्ही सगळे जेवायला गेलो होतो. आण्णांनी वाढप्याला विचारलं, "तांबडा रस्सा हाय का?" तो म्हणाला, "हाय की." आण्णा म्हणाले, "आणि नसला तर काय देशीला?" कोल्हापुरातल्या खाणावळीत तांबडा रस्सा नसेल अशी शंका घेणारा हा एकच माणूस. वाढपी दोन मिनिटं त्यांच्याकडे बघतच राहिला, मग आत जाऊन खरंच पातेलं बघून आला.

तर गोष्ट अशी झाली, की गडमुडशिंगीच्या पलीकडच्या एका गावात उंदराने टाकीच्या चारपैकी एका सेन्सरची वायर कुरतडली.

इथं दोन वाक्यं सोसावी लागतील. प्रोग्रॅम एखादी वस्तू मागतो तेव्हा त्याला तिचा पत्ता मिळतो, त्याला पॉइंटर म्हणतात. वस्तूच नसेल तर कोरा पत्ता मिळतो, त्याला नल म्हणतात. पत्ता कोरा आहे का हे न बघता कर्नल तिकडे गेला की कोसळलाच. म्हणून जाण्याआधी बघायचं. एका ओळीचं काम आहे, आणि तीच ओळ माणसं विसरतात. मी अकरा ठिकाणी विसरलो होतो, आणि तो कोड आण्णांचा नियम होण्याआधीच बाहेर पडलेला होता.

डब्याने सेन्सर मागितला, सेन्सर नव्हता, माझा कोड कोऱ्या पत्त्यावर गेला आणि डबा थिजला. कॉम्प्रेसर बंद पडला, टाकीभर दूध नासलं. दूध संस्थेचे सेक्रेटरी पोवार, त्यांचा सकाळी फोन आला. "पावणं, तुमचा डबा झोपला आणि आमचा अख्खा गाव जागा झाला." मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी ऱ्हाऊ द्या. आता टाकीवर माणूस बसवलाय, हातानं बटन दाबतोय. गुरुवारी पौर्णिमा हाय, त्यो वाडीला जाणार. नृसिंहवाडीची पौर्णिमा त्यो चुकवत न्हाय. गुरुवारी सांजच्या दुधाआधी डबा नीट झाला तर बरं. न्हाईतर सगळ्या गावातलं डबं काढून तुमच्या दारात आणून ठेवतो." वायर नवी घातली होती, पण उंदीर जुनेच होते, त्यांनी ती दुसऱ्या दिवशी परत खाल्ली. आमच्या मालकांनी मला आत बोलावलं आणि फक्त "गुरुवार" एवढंच म्हणाले.

सोमवारी सकाळी मी अकराही ठिकाणी तपासणीची ओळ घातली, पानं छापली आणि आण्णांच्या टेबलावर ठेवली. तासाभरात परत आली. सहाव्या जागेवर लाल पेनने लिहिलं होतं, 'आधी हात घातलास, मग बघतोस?' खरंच होतं. घाईत तपासणीची ओळ एक ओळ खाली पडली होती. कोऱ्या पत्त्यावर जाऊन आल्यावर मी विचारत होतो, की पत्ता कोरा आहे का. मी कपाळावर हात मारला आणि ओळ वर घेतली.

दुपारी दुसरी फेरी. आण्णा स्वतः आले. खुर्ची दाबून बघितली, बसले.

"सेन्सर नसल्यावर काय करतोस?"

"परत फिरतोय की, आण्णा."

"गप्प फिरतोस. कुणाला सांगितलंस?"

मी पुन्हा वाचलं. मी कोणालाच सांगितलं नव्हतं. विचारणाऱ्याच्या हातात शून्य पडत होतं. म्हणजे दूध शून्य अंशावर आहे, झकास गार आहे, असं समजून डबा कॉम्प्रेसर बंदच ठेवणार. आधी डबा थिजून दूध नासलं, आता डबा मजेत चालू राहून नासलं असतं.

"उंदीर बरा तुझ्यापरास," आण्णा म्हणाले. "त्यो कुरतडतोय ते दिसतंय तरी."

मंगळवारी तिसरी फेरी. आता मी नीट सांगून परत फिरत होतो, पण वाटेत घेतलेली मेमरी परत न देता. 'दुसऱ्याच्या घरातनं निघताना भांडी घिऊन निघालास' असा शेरा आला. बुधवारपर्यंत मी इतका वैतागलो होतो, की म्हटलं, थांबा, आता दाखवतोच. दिसेल त्या ओळीला तपासणी लावली. जिथं पत्ता कोरा असणं शक्यच नाही, जो दोन ओळी आधी मीच हाताने भरलाय, तिथंही विचारलं. वाटलं, म्हातारा खूष होईल. आण्णांनी सगळी पानं शांतपणे वाचली आणि निम्म्या तपासण्यांवर काट मारली.

"ह्या कशाला?"

"तुम्हीच म्हणता की, नसलं तर?"

"हाय म्हणून ठावं असलं, तिथं इचारू नगंस. खात्रीच्या माणसाला सारखं इचारलं की त्यास्नी लागतंय."

मग घड्याळात बघून उठले. पाच वाजले होते. हीसुद्धा त्यांची एक खोड. कर्नल पेटला तरी हा माणूस पाचला उठतो, साडेपाचला फुलेवाडीत घरी पोचतो. मालक स्वतः बोलत असले तरी वाक्य अर्ध्यावर सोडून निघतो. त्यांच्या पाठीमागे आम्ही म्हणायचो, वैनींचा धाक आहे. मी तर त्या दिवशी याहून वाईट बोललो. माझ्या शेजारच्याला म्हणालो, "घरीसुद्धा बायकोला विचारत असतील, हाईस न्हवं? आणि नसलीस तर?" तो हसला. मीही हसलो. ते आठवलं की अजून लाज वाटते.

गुरुवारी आण्णा आलेच नाहीत.

नऊ वर्षांत पहिल्यांदा ती खुर्ची रिकामी होती. अकरा वाजता मी फोन केला. "आज जमणार न्हाय," ते म्हणाले. "घरात बसाय जी बाई येती, ती वाडीला गेलीया पौर्णिमेला." मी म्हटलं, आण्णा, गुरुवार आहे, पाचवी फेरी तयार आहे, आमचा टेक्निशियन गावात टाकीजवळ जाऊन बसलाय.  आण्णा म्हणाले, "चारला घरी ये. बेल वाजवू नगंस. दारात थांब."

घरात बसायला बाई कशाला येते, हे विचारायचं मला सुचलं नाही. माझ्या डोक्यात फक्त टाकी होती.

चारला मी लॅपटॉप घेऊन फुलेवाडीत पोचलो. घर बैठं, पुढं तुळस आणि जास्वंद, दाराला नवा रंग. आण्णा औषधांची पिशवी घेऊन गल्लीच्या टोकाकडून येत होते. शेजारणीने खिडकीतून त्यांना हाताने 'सगळं ठीक' अशी खूण केली. ते दारात उभे राहिले, शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला. कमरेला चावी होतीच. त्यांनी बेल दाबली.

दार उघडलं. काकू नीटनेटक्या होत्या, कडक इस्त्रीचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी आण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कोण पायजे?"

"चौगुले हाईत का घरात?" आण्णांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा चाललीय. मी हसत म्हणायला लागलो, "काकू, अहो हेच की..." आण्णांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"न्हाईत की," काकू म्हणाल्या. "कामावर गेल्यात. सांजचं येतील. पर दारात का हुबं? या, बसा की पावणं. च्या टाकतो."

आम्ही आत गेलो. आण्णा स्वतःच्या घरात, पाहुण्यांच्या खुर्चीवर, गुडघे जुळवून बसले. बसण्याआधी खुर्ची दाबून बघितली नाही. काकू आत गेल्यावर ते खालच्या आवाजात बोलायला लागले, लाल पेनने शेरा लिहावा तसं, तुटक.

"तीन वर्सं झाली. इसरायला लागली हळूहळू. एक दिवस मी नेहमीसारखा चावीनं आत गेलतो. तिनं वळखलं न्हाय. घरात परका माणूस शिरला म्हणून बत्ता घिऊन भिताडाला टेकून हुबी ऱ्हायली. थरथर कापत हुती. मी जवळ जाईल तशी वरडत हुती. माझीच चूक. इचारल्याबिगर आत गेल्यावर असंच हुतंय. तवापासनं बेल."

"मग रोज..."

"रोज. कधी 'आलासा?' म्हणती. मग घरचा म्हणून आत जातो. कधी 'कोण पायजे' म्हणती. मग पावणा म्हणून आत जातो. दोन्ही ठरवून ठिवलंय."

  बुधवारचं माझं वाक्य तोंडात कडू होऊन बसलं होतं.

काकू बाहेर आल्या. चहा टाकते म्हणून गेल्या होत्या आणि दोन वाट्यांत गूळ आणि दोन तांबे पाणी घेऊन आल्या. आण्णांनी मान वाकवून वाटी घेतली. काकू समोर पाटावर बसल्या.

"तुमी त्यांच्या हाफिसातलं व्हय?" त्यांनी आण्णांनाच विचारलं.

"व्हय."

"लई तरास देत असतील की तुमास्नी. सारखं इचारत बसायची खोड हाय त्यास्नी. मला बघाय आलं, तवा सुदिक. सगळी माणसं बसल्याली, आणि मला म्हणत्यात, मी पसंत न्हाय पडलो तर?"

"मग तुमी काय म्हटलासा?" आण्णांनी विचारलं. ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल कोण जाणे. तरी ते पुढं वाकून ऐकत होते.

"म्हटलं, न्हाय पडला तर सांगतो की. आधी पवं तरी खावा." काकू तोंडाला पदर लावून हसल्या. "पर माणूस लाखाचा हाय. येळेला घरी येतोय. चुकत न्हाय कदी."

आण्णा खाली बघून गूळ चघळत राहिले. नऊ वर्षांत मी या माणसाला लाजताना पहिल्यांदा बघितलं.

माझा फोन थरथरला. पोवारांचा मेसेज होता, संध्याकाळचं दूध यायला लागलंय. मी लॅपटॉप उघडून आण्णांसमोर धरला. त्यांनी पट्टी शोधली, ती ऑफिसात होती. मग ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. अकरा जागा. प्रत्येक ठिकाणी आधी बघितलं होतं, परत फिरताना सांगितलं होतं, घेतलेलं परत दिलं होतं, नको तिथं विचारलं नव्हतं. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

"आणि नसलं तर?"

"नसलं तर डबा व्यवस्थित बंद होतोय, आण्णा. कोसळत नाही. एरर दाखवतोय."

"म्हणजे दूध नासायचं ते नासतंयच की. फकस्त नीट नासतंय."

 आठवडाभराचा थकवा एकदम अंगावर आला. पण या वेळी राग येईना. समोर गुळाची वाटी होती. काकू परत आत गेल्या होत्या आणि परत दोन वाट्या गूळ घेऊन आल्या. आण्णांनी तीही वाटी मान वाकवून घेतली, जणू पहिलीच.

मी कीबोर्ड पुढं ओढला. "टाकीला चार सेन्सर आहेत," मी म्हटलं. "एक नसला तर उरलेल्या तिघांवर चालवतो."

"चालव."

"आणि चारही नसले तर?" हा प्रश्न या वेळी मी विचारला.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. "तर दूध गरम हाय असंच धरायचं. ठराविक येळ कॉम्प्रेसर चालू, ठराविक येळ बंद. गोठायला नगं आणि नासायलाबी नगं. काम थांबवायचं न्हाय." मग म्हणाले, "आणि मिन्टामिन्टाला इचारत ऱ्हायचं, आला का म्हणून. वायर कवा जोडली जाईल, सांगता येत न्हाय."

मी लिहीत होतो. स्क्रीन मधूनच धूसर दिसत होती, तरी या वेळी ओळ खाली पडली नाही. आण्णांनी पुन्हा पहिल्यापासून बोट धरून वाचलं. काकूंनी विचारलं, "काय वाचताय पावणं एवढं?" ते म्हणाले, "ह्या पोराचं काम हाय. बरं हाय."

चार दिवस हे दोन शब्द ऐकायला मी इतका आसुसलो होतो, आणि ऐकले ते असे.

टेक्निशियनला कोड पाठवला. पाच वाजून गेल्यावर त्याचा फोन आला. डबा सुरू झाला होता, त्याने चारी वायरी उपटून बघितल्या होत्या, कॉम्प्रेसर चालूच होता. मागून पोवारांचा आवाज आला, "चालतंय म्हणावं." यापेक्षा जास्त कौतुक त्या गावात कोणी कोणाचं करत नसावं.

मी लॅपटॉप मिटला आणि उठलो. आण्णाही सवयीने उठले, कारण माझ्याबरोबर आलेला पाहुणा माझ्याबरोबर जायला हवा. काकू दारापर्यंत आल्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाचला पाच मिनिटं कमी होती.

"तुमी कुठं निघालासा?" त्या आण्णांना म्हणाल्या. "एवढं आलाय तर भेटूनच जावा की. आता येतीलच ते. साडेपाच म्हणजे साडेपाच."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. चपलेत घातलेला पाय त्यांनी परत बाहेर काढला.

"थांबतो की, वैनी," ते म्हणाले. "मला काय घाई न्हाय."